सात नंबरच्या टर्मिनलवरून आलेला निरोप

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. "नव्हता" असं नाही म्हणत मी... आजही नाही. इथले अनुभव मी दोन-तीन वर्षं गुपचूप वाचतेय, पण स्वतः कधी लिहिलं नाही. लिहिण्यासारखं माझ्याकडे एकच आहे, आणि ते लिहिलं तर माझ्याच क्षेत्रातले लोक हसतील असं वाटायचं. कारण माझ्या अनुभवात ना स्मशान, ना पांढरी साडी. दुपारचे सव्वाबारा, बाहेर लख्ख ऊन आणि समोर एक कॉम्प्युटर — एवढंच.

माझं माहेर कळस, तालुका इंदापूर. वडील प्राथमिक शिक्षक. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पुस्तकांचं कपाट होतं. लहानपणी मला ताप आला तेव्हा शेजारच्या काकूंनी अंगाऱ्याची पुडी आणून दिली, तर वडिलांनी ती नम्रपणे परत केली आणि मला एसटीत घालून बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. "आधी विचार, मग पटलं तर मान," हे त्यांचं रोजचं वाक्य. मी बारामतीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि तालुक्यातल्याच एका साखर कारखान्यात, ईडीपी विभागात लागले. कारखान्याचं नाव सांगत नाही. जाणकार ओळखतील, ओळखू देत.

ईडीपी म्हणजे कॉम्प्युटर विभाग. त्यात आम्ही दोघंच. विभागप्रमुख रासकर सर आणि त्यांची असिस्टंट मी, सुजाता. सर मूळचे डाळजचे. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. कॉम्प्युटर कुठल्याही कॉलेजात न शिकता मॅन्युअल वाचून वाचून शिकलेले. मी रुजू झाले तेव्हा ऑफिसातल्या काहींनी "ही पोरगी काय सर्व्हर सांभाळणार" असं माझ्या पाठीमागे, आणि एकदा तोंडावरही म्हणून घेतलं होतं. सरांनी पहिल्याच दिवशी सर्व्हरचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून माझ्या हातात दिला. म्हणाले, "पाठ कर आणि कागद फाडून टाक." बस. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

आता कारखान्याचं गणित थोडं सांगायला हवं. उसाची गाडी आली की ती काट्यावर जाते, वजन होतं, पावती निघते, मग ऊस गव्हाणीत पडतो. गव्हाण म्हणजे गाळपाकडे ऊस नेणारा तो मोठा सरकता पट्टा. वजनाचा आकडा थेट आमच्या सर्व्हरवर यायचा आणि पावती तिथूनच छापली जायची. पूर्वी हातानं पावती लिहीत. पण मधे वजनावरून शेतकऱ्यांची मोठी नाराजी झाली, सभेत खुर्च्या उडाल्या, आणि ठराव झाला की हाताची पावती कायमची बंद. कॉम्प्युटर सांगेल तेच वजन. म्हणजे कॉम्प्युटर गप्प, तर कारखाना गप्प.

सर्व्हर सुरू झाला की त्याच्यातले काही प्रोग्रॅम आपोआप उठून कामाला लागतात. त्यांना सर्व्हिस म्हणतात. छपाईची एक, टर्मिनल्सची, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या स्क्रीन-कीबोर्डांची एक, आणि आमच्याकडे सगळ्यांत महत्त्वाची ती काट्याची. ही काट्याची सर्व्हिस रासकर सरांनी स्वतः लिहिलेली होती, एकट्यानं.

नव्याण्णवचा जानेवारी. दोन हजार साल तोंडावर आलेलं, आणि जुने कॉम्प्युटर वर्षाचे दोनच आकडे धरतात म्हणून सगळीकडे घबराट. आमचा सर्व्हरही अपडेट करायचा ठरला. गाळप सुरू असताना ते शक्य नव्हतं, म्हणून कारखाना साफसफाईसाठी दिवसभर बंद असतो तो मुहूर्त धरला. पुण्याहून एका कंपनीचा इंजिनिअर आला. सर आणि मी त्याच्यासोबत बसणार होतो. पण सकाळी सरांच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा खाल्ला, मग खुर्चीतच वाकडे झाले. दुपारी कारखान्याच्या जीपमधून त्यांना बारामतीला दवाखान्यात नेलं. जाताना जीपमधून डोकं बाहेर काढून एवढंच म्हणाले, "टेप नीट काढून घे गं."

टेप म्हणजे बॅकअप. ती मी काढली. इंजिनिअरनं नवी सिस्टीम टाकली, टेपवरून आमच्या फाईली परत भरल्या, स्क्रीनवर लॉगिन आलेलं दाखवलं, माझी सही घेतली आणि रात्रीच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गाळप सुरू झालं, आणि काटा सुरू झाला नाही.

छपाई सुरू. टर्मिनल्स सुरू. काट्याची सर्व्हिस मात्र उठायची, एक ओळ लिहायची आणि मरायची. ती ओळ अशी होती — "प्रोग्रॅम आधीच चालू आहे." अहो कुठे चालू आहे? मी चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी काढली. एकदा, दोनदा, दहादा. त्यात काट्याचा पत्ता नाही. मी सर्व्हर बंद करून परत चालू केला. तेच. सरांनी लिहिलेल्या मूळ प्रोग्रॅमची फ्लॉपी कपाटात होती. ती घातली, तर नुसती घरघर करून "वाचता येत नाही" म्हणाली. पुण्याला एसटीडी लावला. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, तो प्रोग्रॅम तुमचा आहे, आमचा नाही. जुनी सिस्टीम परत टाका." त्याला किती वेळ? "सात-आठ तास."

माझ्यासोबत खोलीत गुलाबतात्या होते. काट्यावरचे क्लार्क, कारखाना उभा राहिल्यापासूनचे. काटाच बंद म्हटल्यावर ते केबिन सोडून माझ्याजवळ येऊन बसले.

"सुजाताबाई, एक बोलू का? राग मानू नका," तात्या म्हणाले. "काल अमवश्या हुती. त्या पुण्याच्या गड्याला मी बोललो व्हतो, आज नगं म्हनून. मिशनीपुढं एक नारळ फोडू. त्यात काय जातंय?"

"तात्या, नारळ फोडायचाच तर त्याची चटणी करू. आत्ता मला विचार करू द्या."

आणि मी परत त्या यादीकडे वळले. साडेदहाला एमडी साहेब स्वतः आले. साहेब कधी आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटायची.

"गव्हाणीत किती ऊस आहे माहितीये?" त्यांनी विचारलं. "साडेबारापर्यंत पुरेल. त्यानंतर मिल थांबवावी लागेल. चालू मिल थांबवून परत चालू करायची म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको."

"सर, मी करते," मी म्हणाले.

"काय करता?"

मी ती फ्लॉपी परत एकदा घालून पाहिली. साहेब माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "रासकरांना विचारता आलं असतं. पण आत्ता दवाखान्यातून फोन होता. आतड्याला पीळ पडलाय. साडेअकराला ऑपरेशनला घेतायत." मग म्हणाले, "सीरियस आहे म्हणे."

मला तेव्हा काट्याचं काही वाटेनासं झालं, खरं सांगते. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खिडकीतून गाडीतळ दिसायचा. ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या, पार फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. सगळ्यात पुढं, काट्याच्या अगदी तोंडाशी एक बैलगाडी होती आणि बैलांजवळ एक बाई उभी होती. चौथी-पाचवीतल्या पोरीची आई असेल, अशा वयाची. तिनं मला खिडकीत पाहिलं आणि सरळ खिडकीशी आली.

"बाई, तुमीच का कांप्युटरवाल्या?"

"हो."

"माझा डावा बैल बघा, गुडघं टेकाया लागलाय. पहाटं चारला जुपल्यात. मानंवर दोन टन हाय त्याच्या. सोडावं म्हनलं तर गाडी उलटती, माघारी वळवाया जागा न्हाय. किती येळ लागंल, खरं सांगा. खोटं नगा सांगू."

मी म्हणाले, "ताई, खरं सांगते, मला माहीत नाही. पण मी उठणार नाही इथून."

तिनं मान हलवली. "मंग बसा," म्हणाली आणि पदर ओला करून बैलाचं तोंड पुसायला गेली.

मी बसले. पुण्याच्या माणसानं एक सुचवलं होतं, की सर्व्हर दुरुस्तीच्या अवस्थेत सुरू करून डिस्क तपासा. या अवस्थेबद्दल नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यात सर्व्हर जवळजवळ झोपलेला असतो. एकही सर्व्हिस चालू नसते, छपाई नाही, टर्मिनल्स नाहीत. फक्त सर्व्हरला थेट जोडलेला एक मुख्य स्क्रीन आणि एक कीबोर्ड जिवंत असतो. त्यापुढं मी बसलेले. दुसऱ्या कुठूनही कुणीही सर्व्हरशी बोलू शकत नाही. शक्यच नाही.

डिस्क तपासून झाली. दोष नाही. स्क्रीनवर नुसता ठोका देणारा कर्सरचा चौकोन. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा. तात्या माझ्या मागं खुर्चीवर बसले होते. मी डोळे मिटून घेतले होते, कबूल करते. आणि स्क्रीनमधून टिट् असा आवाज आला.

डोळे उघडले तर स्क्रीनवर दोन नव्या ओळी.

आमचा सर्व्हर ज्या सिस्टीमवर चालायचा त्या युनिक्सवर एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलवर निरोप पाठवायची सोय असते. सर आणि मी ती रोज वापरायचो. ते काट्यावर गेले की तिथून "चहा सांग" असं लिहायचे. निरोप आला की वरच्या ओळीत पाठवणाऱ्याचं नाव आणि टर्मिनलचा नंबर येतो. वरच्या ओळीत होतं — रासकर, टर्मिनल सात. खाली, सर नेहमी लिहायचे तसं, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत मराठी —

कुलूप घरी राहिलंय. ते काढ.

तात्या उठून माझ्या खांद्यावरून वाकले. त्यांना इंग्रजी अक्षरं रोजच्या सवयीनं वाचता यायची. त्यांनी बोट लावून एकेक शब्द मोठ्यानं वाचला. "कु-लूप... घरी... राहिलंय." मग म्हणाले, "सर आलं व्हय दवाखान्यातनं? कुठल्या केबिनीत बसल्यात?"

"तात्या, सात नंबर कुठाय?"

आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं. सात नंबरचं टर्मिनल जुन्या काट्याच्या केबिनमधलं. जुना काटा मोडीत निघाला तेव्हा ते उचलून आणून आमच्याच खोलीतल्या लोखंडी कपाटावर ठेवलं होतं. तिथंच होतं. अंगावर जुना टॉवेल, टॉवेलवर धूळ, आणि वायर गुंडाळून सुतळीनं बांधलेली.

तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझाही पडला असणार. पण खरं सांगू का? मला त्या क्षणी भीती वाटली नाही. मी त्या दुसऱ्या ओळीकडे बघत होते. कुलूप. घरी.

कुलूप म्हणजे लॉक. काही प्रोग्रॅम सुरू होताना एक छोटी फाईल बनवून ठेवतात, म्हणजे "मी चालू आहे, दुसऱ्यानं येऊ नये." तिला लॉक फाईल म्हणतात. प्रोग्रॅम बंद होताना ती पुसून टाकतो. हे मला माहीत होतं, सकाळी पहिल्या अर्ध्या तासात मी ते तपासलंही होतं. या फाईली सिस्टीममध्ये जिथं असतात तो कप्पा मोकळा होता. पण घरी? घर म्हणजे... होम! सर्व्हरवर प्रत्येक माणसाचा एक खासगी कप्पा असतो, त्याला होम म्हणतात. सरांचं घर!

सरांच्या होममध्ये गेले. यादी काढली तर साध्या फाईली. युनिक्समध्ये नावाआधी टिंब दिलं की फाईल यादीत दिसत नाही, म्हणून लपलेल्या फाईलींसकट यादी काढली. आणि सगळ्यात शेवटी, टिंब आणि पुढं "काटा" असं नाव असलेली, कालच्या तारखेची, एक पिटुकली फाईल.

काल मी टेप काढली तेव्हा काट्याची सर्व्हिस चालूच होती. म्हणजे ही फाईलही टेपवर गेली आणि अपडेटनंतर टेपवरून परत आली. दर वेळी सर्व्हर सुरू होताना ती पुसायची एक ओळ सरांनी सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या यादीत, घातलेली होती, पण अपडेटनं ती स्क्रिप्टच नवी करून टाकली होती. काट्याची सर्व्हिस उठायची, कुलूप बघायची, म्हणायची "आत कुणीतरी आहे," आणि मुकाट्यानं निघून जायची.

मी कुलूप काढलं. सर्व्हर परत सुरू केला. त्याला चार मिनिटं लागली. एकामागून एक ओळी येत गेल्या. छपाई सुरू. टर्मिनल्स सुरू. काटा...

काटा सुरू.

तात्या ओरडले ते असे, की शेजारच्या टाईम ऑफिसातले लोक धावत आले. "चालू झाला वो! बाईंनी चालू क्येला!" म्हणत ते सत्तावन्न वर्षांचे तात्या खिडकीतून बाहेर उडी मारून पळाले, दार शेजारी असताना. मी मागून दारानं धावले. पहिली गाडी त्या ताईंचीच. चाकं काट्यावर चढली, केबिनमधल्या खिडकीत हिरवे आकडे हलले, थांबले, आणि प्रिंटर कचकच करत सुरू झाला. त्या आवाजावर अख्ख्या तळावर जो गलका उठला! शिट्ट्या, हॉर्न, कुणी टोप्या उडवल्या. ताईंनी पावती घेतली, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसलाव ते बरं झालं."

बारा अठ्ठावीसला त्यांचा ऊस गव्हाणीत पडला. मिल थांबली नाही. दीडच्या सुमारास, मी अजून तळावरच होते, एमडी साहेब आले. सगळ्यांसमोर माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "जेवलात का? नाही? मग आधी जेवा. आणि मग जीप घेऊन बारामतीला जा. रासकर शुद्धीवर येतायत. ऑपरेशन चांगलं झालं म्हणून आत्ताच फोन आला."

मी रडले, तिथंच, ट्रॅक्टरच्या धुरात. आनंदानं रडायला मला लाज नाही वाटली.

आता पुढचं. संध्याकाळी पाचला दवाखान्यात पोचले. सर झोपेत होते, नळ्या लावलेल्या, पण रंग बरा. बाहेर बाकावर सरांच्या पत्नी, काकू. मी विचारलं, ऑपरेशनला किती वाजता नेलं? साडेअकराला आत, एकला बाहेर. मधे कुठं फोन, निरोप, काही? काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, पोट फाडलेला माणूस कुठनं फोन करंल?"

मग त्या स्वतःहूनच म्हणाल्या, "पण बाहेर आनल्यावर गुंगीतच बडबडत व्हते. मला म्हनले, निघालं का कुलूप? मी म्हनलं, आवो, घराला कुलूप नीट लावलंय, किल्ली माझ्याजवळ हाय, तुमी झोपा. तरी दोनदा तेच. निघालं का कुलूप, निघालं का."

काटा बंद पडल्याचं सरांना कुणीही सांगितलं नव्हतं. ते गेले तेव्हा सगळं सुरळीत होतं. आणि बंद पडल्यापासून कारखान्यातून दवाखान्यात कुणी फोन केला नव्हता; इकडूनच काय तो ऑपरेशनचा फोन आला होता.

आठवड्यानं सर बसून पेज खायला लागले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. लॉक फाईल होममध्ये का ठेवली, हे मात्र लगेच सांगितलं. "पहिल्या हंगामात मला सिस्टीमच्या कप्प्यात लिहायची परवानगी नव्हती. म्हणून घरात ठेवली. नंतर हलवायची राहून गेली." हे कधी कुणाला सांगितलं होतं? "छे. यात सांगण्यासारखं काय होतं?"

मी माझ्या परीनं शोधलं सगळं. लॉगिनच्या नोंदी तपासल्या, त्या वेळात कुणाचीही नोंद नाही. जुना निरोप कुठं अडकून उशिरा आला असेल म्हणावं, तर तसा निरोप साठून राहत नाही, आणि सर्व्हर त्या सकाळी चार वेळा बंद-चालू झाला होता. थकून मला भास झाला म्हणावं, तर तात्यांनी बोट लावून वाचलं होतं. पुढं मी पुण्यात नोकरी केली, मोठमोठे सर्व्हर सांभाळले, माझ्याहून हुशार माणसांना हा प्रकार "एका ओळखीच्या बाईंचा" म्हणून सांगून पाहिला. प्रत्येकानं एकेक कारण दिलं. एकही त्या सुतळीनं बांधलेल्या वायरीपाशी टिकलं नाही.

सर ठणठणीत झाले, निवृत्त होईपर्यंत कारखान्यात राहिले. त्यांच्या निरोप समारंभात मी हा किस्सा भाषणात सांगितला तेव्हा ते जागेवरूनच म्हणाले, "खोटं बोलते ती. शोधलं तिनंच, आणि नाव माझं घालते." सगळे हसले, मीही हसले.

पण मी खोटं बोलत नव्हते. काटा मी सुरू केला, हे मी अभिमानानं सांगते, कुठंही सांगेन. फक्त कुलूप कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. ते मला कुणीतरी सांगितलं. कुणी, कसं... तुमच्यापैकी कुणाला कळलं तर मला जरूर लिहा. आधी विचारीन, मग पटलं तर मानीन.